डोमकळी : एका खोडलेल्या शब्दाची हकीकत

मराठीच्या अध्यापकाने नोकरीच्या काळात किती शब्द खोडले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. उत्तरपत्रिका, निबंध, स्मरणिकांतील लेख, सत्काराची मानपत्रे, नोकरीचे अर्ज, जे जे समोर येते त्यावर आपली लाल शाई चालत राहते. आणि निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी माजी विद्यार्थी उठून कृतज्ञतेने सांगतो की, सरांनी आमची भाषा सुधारली. माझ्याही समारंभात तसे सांगण्यात आले आणि रीतीप्रमाणे मी ते मान लववून स्वीकारले. मनात मात्र त्या वेळी एकच शब्द घोळत होता. तो मी खोडला होता आणि तो खोडण्याचा मला काडीइतकाही अधिकार नव्हता. तो शब्द ‘डोमकळी’.

ज्या वाचकांचा कपाशीशी संबंध अंगावरच्या कपड्यापुरता आहे त्यांना हा शब्द अपरिचित असेल. मलाही तो २०१७ सालापर्यंत ठाऊक नव्हता. जन्म बीड जिल्ह्यातला, नोकरीची सगळी वर्षे बीड जिल्ह्यातच गेलेली, चहूबाजूंनी कपाशी. तरी ठाऊक नव्हता. वडील शिक्षक, घर तालुक्याच्या गावातले, थोडेसे शेत होते ते बटईने दिलेले. सुगीनंतर दारात येणारी पोती एवढेच त्या शेताचे आम्हाला होणारे दर्शन. ही कबुली आधीच देऊन ठेवलेली बरी, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ सालापासून ‘आविष्कार’ या नावाने विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा भरते. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने ती सुरू झाली. आधी महाविद्यालय, मग विद्यापीठ आणि शेवटी राज्य अशा तिच्या पायऱ्या. विद्यार्थ्याने आपले संशोधन भित्तिपत्रकावर मांडायचे, परीक्षकांसमोर उभे राहून समजावून सांगायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची. मूलभूत विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक, वाणिज्य असे गट असतात, आणि यादीत मानव्यविद्या, भाषा व ललितकला असाही एक गट असतो. आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयातून या शेवटच्या गटात सहसा कोणी उतरत नसे. मराठीच्या प्राध्यापकाकडे काम येई ते इतरांच्या भित्तिपत्रकांचे शुद्धलेखन तपासण्याचे. मीही ते मोठ्या तत्परतेने करीत असे. विज्ञानाची मुले आपल्या दारी येतात यात एक सूक्ष्म समाधान असते. ते मी नाकारणार नाही.

त्या वर्षी आलेल्या मुलांत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, प्राणिशास्त्र घेतलेली एक मुलगी होती. गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावाहून ती एस.टी.ने येत असे. मी तिला ओळखत होतो ते आदल्या वर्षी तिने वर्गात विचारलेल्या एका प्रश्नामुळे.

बी.एस्सी.च्या मुलांना द्वितीय भाषा म्हणून मराठी असे आणि तो तास माझ्याकडे होता. त्या दिवशी ओघात एकनाथी भागवताचा विषय निघाला. पैठणची गोदावरी तीच पुढे आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते, म्हणून नाथांविषयी बोलताना आमच्या आवाजात शेजारपणाचा ओलावा येतो. भागवताच्या एकादश स्कंधावरील ही टीका नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केली. तीत अवधूताच्या २४ गुरूंचे आख्यान आहे. त्या गुरूंमध्ये पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र अशी थोर मंडळी आहेत. तसाच दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, मध गोळा करणारी माशी आहे, जाळे विणणारा कोळी आहे. आणि यादीच्या अगदी शेवटी अळीला मातीच्या घरात कोंडणारी कुंभारीण माशी आहे. कोंडलेली अळी भयाने त्या माशीचेच ध्यान करते आणि ध्यानाच्या बळावर तद्रूप होऊन माशीच बनून बाहेर पडते. भ्रमर-कीटक न्याय म्हणतात तो हाच. भक्त आणि भगवंत यांचे ऐक्य सांगायला संतांना हा दृष्टान्त फार प्रिय, आणि मलाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध संतकाव्यातील प्रतिमांवर होता. ही प्रतिमा कोणाच्या रचनेत किती वेळा येते याची कोष्टके त्यात होती.

मी रंगून सांगत असताना मुलींच्या बाकांवरून हात वर आला. “सर, ती अळी माशी होत नाही,” ती म्हणाली. “कुंभारीण डंख मारून तिला लुळी करते आणि घरात ठेवते. आत माशीचं अंडं असतं. त्यातून माशीची स्वतःची अळी निघते, ती हिला खाते. आणि मोठी होऊन बाहेर पडते.” मग थोडे थांबून तिने भर घातली, “खाईपर्यंत ही जिवंतच असते.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “काव्यातले सत्य निराळे असते.” हे उत्तर चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. ते फार सोयीचे होते, इतकेच.

हीच मुलगी २०१७च्या हिवाळ्यात कपाशीवरच्या बोंडअळीचा चार पानी गोषवारा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

ते वर्ष विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला विसरता येणार नाही. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली आणि दोन जनुके असलेले तिचे पुढचे वाण २००६ साली आले. बोंडअळीला मारणारे विष झाडातच आहे, तेव्हा आता बोंडअळीची चिंता नको, असा विश्वास गावोगाव बसला. परंतु अळीनेही आपला अभ्यास चालू ठेवला होता. पहिल्या वाणाच्या विषाला ही अळी दाद देत नाही असे गुजरातेतील काही जिल्ह्यांत आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले. पुढे दुसऱ्या वाणाचीही तीच गत झाली. आपल्याकडे बीटी कपाशी संकरित बियाण्याच्या रूपाने आली. संकरित झाडाच्या बोंडात धरणाऱ्या सगळ्या सरक्यांत विष सारखे उतरत नाही. काही सरक्या त्याशिवायच राहतात. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास शेजारी शेजारी मिळाल्याने अळीला विष पचवायला शिकण्याची आयतीच सोय झाली. २०१७च्या खरिपात याची किंमत मोजावी लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हेही आपल्या स्मरणात असेल.

या अळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. नावाच्या उत्तरार्धात कपाशीचे लॅटिन नाव दडलेले आहे. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले, पण ज्या नमुन्यांवरून ते झाले ते भडोचच्या कपाशीवरून पाठवलेले होते. म्हणजे अळी इथली, पीक इथले, नुकसान इथले. बारसे तेवढे परदेशी. मराठीत तिला ‘शेंदरी बोंडअळी’ म्हणतात. अलीकडे ‘गुलाबी बोंडअळी’ हे इंग्रजीवरून बेतलेले नाव अधिक ऐकू येते. अंड्यातून निघते तेव्हा ती पांढुरकी असते. वाढत वाढत रंग धरते.

मुलीने अभ्यासासाठी गावातले दोन तुकडे निवडले होते. एक त्यांचा स्वतःचा. तिथे आदल्या हंगामातली कपाशी डिसेंबरातच उपटून टाकली होती. दुसरा बांधापलीकडच्या शेजाऱ्याचा. त्याने पाणी देऊन झाडे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ठेवली होती आणि जादा वेचणी घेतली होती. अशा लांबवलेल्या पिकाला फरदड म्हणतात. हंगाम संपला की ही अळी सरकीत, पऱ्हाट्यांत, पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या पिकाची वाट पाहते. फरदडीमुळे तिला वाटही पाहावी लागत नाही. ताट वाढलेलेच असते. दोन तुकड्यांत नव्या पिकावर अळी कधी आणि किती आली, एवढाच तिचा प्रश्न होता. प्रश्न लहान होता आणि चोख होता. त्यासाठी तिने दोन्हीकडे कामगंध सापळे लावले. त्यात मादी पतंगाच्या गंधाची कृत्रिम गोळी असते, तिच्या ओढीने नर येऊन अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. सापळ्यांच्या जोडीला ती रोज दोन्ही तुकड्यांतली शंभर-शंभर फुले पाहत असे.

तिच्या गोषवाऱ्यातले वाक्य मला अजून पाठ आहे. ‘रोज सकाळी शंभर फुले पाहिली आणि त्यांत डोमकळ्या किती ते मोजले.’

मी ‘डोमकळ्या’ला वर्तुळ केले. मग ते सबंध वाक्य खोडून वर लिहिले : ‘दररोज यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० पुष्पांचे निरीक्षण करण्यात येऊन त्यांतील गुलाबाकृती विकृत पुष्पांची नोंद घेण्यात आली.’ डोमकळीला इंग्रजीत जे म्हणतात त्यात गुलाबाच्या आकाराची सूचना आहे, हे तिने मला सांगितले होते. ‘गुलाबाकृती’ ही माझी निर्मिती. ती मला फार आवडली. मुळात तिने शब्दाचा अर्थ सांगताच मी त्याची व्युत्पत्ती शोधू लागलो होतो आणि कोश काढायला उठलो होतो. ती म्हणाली, “सर, फूलच बघायला चला ना.” मी म्हणालो, “पाहू, सवड झाली की.”

गोषवाऱ्याच्या शेवटी आणखी एक वाक्य होते. ‘यांतील निम्म्या नोंदी माझ्या आईने केल्या आहेत.’ तेही मी खोडले. शास्त्रीय लेखनात घरगुती उल्लेख नसावेत, असे मी तिला समजावले. तिने पानाकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि “बरं सर” म्हणून कागद घडी करून पिशवीत ठेवले.

महाविद्यालयाच्या पातळीवर तिची निवड झाली. लहानसे रोख पारितोषिक आणि प्रमाणपत्र मिळाले. पुढची फेरी विद्यापीठात होती. बरोबर जायला कोणी तरी वडीलधारे हवे होते, म्हणून मीच गेलो. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तिने त्याआधी एकदाच पाहिले होते. सभामंडपात भित्तिपत्रकांच्या रांगा लागल्या होत्या. मी तिच्या फलकापासून पाच-सात पावलांवर, पुढच्या फलकात रस असल्यासारखा उभा राहिलो.

परीक्षक वयस्क होते. बोलण्यावरून कीटकशास्त्रात मुरलेले दिसत होते. त्यांनी भित्तिपत्रक सावकाश वाचले आणि ‘गुलाबाकृती विकृत पुष्प’ या शब्दांवर बोट ठेवून विचारले, “हे काय आहे?”

“डोमकळी, सर.”

“मग डोमकळी लिहा की! आमच्या कृषी पत्रकांतसुद्धा डोमकळीच छापतात. शेतकऱ्याला आणि शास्त्रज्ञाला, दोघांना एकदम कळणारा शब्द आहे तो. असे शब्द किती थोडे असतात!” मग त्यांनी नोंदींचे कोष्टक पाहिले. “तुम्ही रोज कॉलेजला जाता. रोज सकाळी दोन तुकड्यांतली दोनशे फुले कधी पाहत होता?”

“कॉलेजच्या दिवशी आई पाहायची, सर. आईला लिहिता येत नाही. एक डोमकळी दिसली की एक सरकी डब्यात टाकायची. दोन तुकड्यांचे दोन डबे. संध्याकाळी मी सरक्या मोजून वहीत आकडा लिहायची.”

परीक्षक क्षणभर थांबले. आवाजात राग नव्हता, पण धार होती. “ही पद्धत उत्तम आहे. पण नोंद कोणी केली हे संशोधनात लिहावे लागते. ते इथे कुठेच का नाही?”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी मी काही बोललो असतो असे मला वाटत नाही. ती म्हणाली, “लिहायचं राहिलं, सर.”

निकालात तिचे नाव नव्हते. त्या एका उत्तरामुळेच ते हुकले असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या अपराधालाही नको तितके महत्त्व देणे होईल. इतर मुलांची कामे चांगली होती. परंतु तिच्या कामातला सर्वांत प्रामाणिक भाग मी काढून टाकला होता आणि त्याचा जाब तिला द्यावा लागला होता, एवढे निर्विवाद. परतीच्या एस.टी.त तिने तो विषय काढला नाही. मी काढला, तेव्हा म्हणाली, “जाऊ द्या सर. अळी काय गोषवारा वाचत नाही.”

जानेवारीत मी तिच्या गावी गेलो. वडील आणि थोरला भाऊ-भावजय दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेले होते. बीड जिल्ह्यातली किती तरी घरे त्या दिवसांत अशीच अर्धी असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता गेलेला असतो. कपाशीपायी आई मागे राहिली होती. तिने मला बांधावर घोंगडी अंथरून दिली आणि मी बसायच्या आत मुलीने एक फूल आणून माझ्या तळहातावर ठेवले.

ती डोमकळी. फूल उमललेले नव्हते आणि कळीही राहिलेली नव्हती. पाकळ्या एकमेकींना बारीक रेशमी धाग्यांनी आतून शिवून टाकल्यासारख्या झाल्या होत्या आणि वर एक घुमटी तयार झाली होती. मुलीने नखाने पाकळ्या सोडवल्या. आत अळी होती. त्या मिटलेल्या दालनात ती पराग खात सुरक्षित बसलेली. माझ्या ‘गुलाबाकृती विकृत पुष्प’ या तीन शब्दांत हे काहीच नव्हते. विकृती म्हटल्यावर फुलाचे काही बिघडले असे वाटते; इथे तर कोणीतरी फुलाचे घर केले होते.

मग आईने एक बोंड दाखवले. बाहेरून हिरवेगार, टणक. “वरून चांगली दिसायलेत,” ती म्हणाली, “फोडलं की माती.” लहान असतानाच अळी बोंडात शिरते, शिरल्याचे भोक बोंड वाढताना बुजून जाते आणि मग बाहेरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. आत ती सरकी पोखरते. दोन सरक्या धाग्यांनी एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये झोपण्याचीही तिची एक तऱ्हा आहे. तशी जोडसरकी आईने मला सोलून दाखवली. असल्या बोंडातला कापूस पिवळट, गोळा झालेला निघतो. त्याला कवडी म्हणतात आणि त्याला भाव मिळत नाही. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर असते. कवडी वेचायला वेळ दुप्पट लागतो आणि भरते निम्मी. या अळीचा हिशेब आईच्या बोटांना आधी कळला होता, वहीत तो मागाहून आला.

मी बक्षिसाचा विषय काढला. आईने सरळ विचारले, “सर, बक्षीस कशाचं म्हणायचं? अळी घालवल्याचं?”

“नाही,” मी म्हणालो. “मोजल्याचं.”

“मोजून तर आम्हीबी दमलोत,” ती म्हणाली आणि हसली. मग समोरच्या उभ्या कपाशीकडे हात करून म्हणाली, “हिच्या वहीत लिव्हलंय, आताच उपटा. खरंच हाय ते. पण एक वेचणी आणिक निघंल अजून. ती सोडायची म्हणजे तेल-मिठाचे पैसे सोडायचे. आन् आम्ही उपटून तरी काय? शेजारी ठेवायलाय. पाखरू काय बांध बघून उडतंय?”

मुलगी काही बोलली नाही. तिच्या संशोधनाचा निष्कर्ष आणि तिच्या आईची शेवटची वेचणी एकाच तुकड्यात समोरासमोर उभी होती, आणि पुरावा तर दोघींनी मिळूनच गोळा केलेला होता. अमेरिकेने २०१८ साली ही अळी आपल्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. त्यामागे सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र राबवलेला, वर्षानुवर्षे चाललेला कार्यक्रम होता. बीटी वाण, कामगंध आणि मोठ्या संख्येने सोडलेले वांझ पतंग यांची ती एकजूट होती. गोदाकाठच्या त्या बांधावर एक बाई एकटी उभी होती आणि प्रश्न तोच होता. चार-सहा दिवसांनी मुलीने सांगितले, आईने अर्धा तुकडा उपटला. पूर्ण का नाही, हे मी विचारले नाही. अर्धा उपटायलाच केवढा विश्वास लागला असेल, हे मला त्या बांधावर दिसले होते.

त्यानंतर मी झां-आंरी फाब्रविषयी जे मिळेल ते वाचून काढले. दक्षिण फ्रान्समधल्या अविन्यों येथे शाळेत शिकवणारा हा गरीब मास्तर. कीटकांना भक्ष्य म्हणून साठवणाऱ्या गांधीलमाशीचे भक्ष्य दिवसेंदिवस ताजे कसे राहते, या प्रश्नाचे उत्तर त्या काळातल्या एका नामांकित पंडिताने असे दिले होते की, माशी त्यात काहीतरी टिकवणारे द्रव्य सोडत असावी. फाब्र मातीत पोट टेकून पडून राहिला आणि त्याने पाहिले की भक्ष्य मेलेलेच नसते. नेमक्या मज्जागंडावर डंख मारून माशी त्याला लुळे करते. या शोधनिबंधाबद्दल १८५०च्या दशकात फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने त्याला पारितोषिक दिले आणि डार्विनने त्याच्या निरीक्षणशक्तीची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पुढे त्याने कुंभारणीचे घरही उघडले. तिचे अंडे छताला एका बारीक धाग्याने टांगलेले असते आणि खाली लुळ्या पडलेल्या, पण अजून वळवळणाऱ्या अळ्या असतात. अंडे त्यांच्या धक्क्याने चिरडू नये म्हणून ती टांगणी.

फाब्रच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. ते इतक्या साध्या, बोलक्या भाषेत होते की, यात शास्त्रीय गांभीर्य नाही, असा आक्षेप विद्वानांनी घेतला. तो आक्षेप वाचताना मला माझी लाल शाई आठवली. ‘पाहिली’ या क्रियापदाला पाहणारा लागतो. ‘निरीक्षण करण्यात आले’ म्हटले की पाहणारा निघून जातो. आणि पाहणारी एखादी निरक्षर बाई असेल, तर ती पहिल्यांदा निघून जाते. भाषेची प्रतिष्ठा राखण्याच्या नावाखाली मी तेच केले होते.

हे येथे, साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर आणि अध्यापकांसमोर मांडण्याचे कारण असे. आपण प्रतिमा शिकवतो. बोलींवरचे प्रबंध तपासतो, लोकपरंपरेवर चर्चासत्रे घेतो, ग्रामीण साहित्यातल्या शब्दकळेचे गोडवे गातो. आणि त्याच बोलीतला एक नेमका, कामाचा शब्द विज्ञानाच्या कागदावर दिसला की तो अशुद्ध वाटून आपला हात आपोआप लेखणीकडे जातो. कथेत आला असता तर ‘डोमकळी’ या शब्दाचे मी वर्गात तोंड भरून कौतुक केले असते. मारुती चितमपल्लींनी आदिवासींच्या तोंडून पक्ष्यांची नावे वेचून कोश केला, त्याला आपण सारे मानतो. पण ती नावे त्यांना आधी रानात ऐकावी लागली, हे विसरतो.

नाथांच्या दृष्टान्ताविषयीही माझे मत बदलले आहे. तो खोटा ठरला असे मी म्हणत नाही. ज्याने पहिल्यांदा तो दिला त्याने भिंतीवरचे मातीचे घर पाहिले होते, आत जाणारी अळी पाहिली होती, बाहेर येणारी माशी पाहिली होती. मधले न दिसलेले त्याने आपल्या श्रद्धेने भरून काढले. पाहणे त्याचे खरे होते. मी मात्र ती प्रतिमा किती ओव्यांत येते हे मोजले, त्यावर पदवी मिळवली, आणि माझ्याच खिडकीच्या चौकटीवर दर पावसाळ्यात होणारे ते घर एकदाही थांबून पाहिले नाही. अवधूताने त्या माशीला गुरू केले ते पाहून. मी तिला उद्धृत केले.

ती मुलगी पुढे एम.एस्सी. झाली. सध्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. कायम नोकरी अजून नाही. तिचे विद्यार्थी स्पर्धेत उतरतात तेव्हा त्यांचे गोषवारे ती मला पाठवते. “फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा सर,” असे बजावून. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहतो.

मागच्या पावसाळ्यात खिडकीवर कुंभारणीने पुन्हा घर केले. या खेपेला मी रोज पाहत होतो. ती चिखलाची गोळी आणी, काठाला लावी, डोक्याने दाबून सारखी करी. मग एकामागून एक हिरव्या अळ्या आणून आत कोंबी. तोंड लिंपून ती निघून गेल्यावर मी पेन्सिलकापायच्या चाकूने घराची एक कड अलगद उचलली. अळ्या हिरव्याच होत्या. चाकूचे टोक लागताच एक किंचित हलली. घाईघाईने कड पुन्हा बसवली आणि तिला फोन लावला. वयाला न शोभेलशा उत्साहाने सगळे सांगितले.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, किती अळ्या होत्या?”

मी मोजल्या नव्हत्या.